तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नका
(विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ : आमच्या ग्राहकांसाठी)

"अंतर साडेपाच हजार किलोमीटर, वेग ताशी नऊशे, मग तुम्ही आठ तास कसे सांगता?" हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो.

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंत सुमारे ५,५४० किमी. भागाकार केला तर सहा तास दहा मिनिटं येतात. पण वेळापत्रकातला वेळ विमान एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात आली, चढता-उतरतानाचा कमी वेगही आला. शिवाय ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, म्हणजे जेट स्ट्रीम. न्यूयॉर्कला जाताना ते समोरून येतात, परतताना मागून ढकलतात. म्हणून जायला सुमारे आठ तास आणि यायला सात.

वाटही कधी लांबते. रशियाची हवाई हद्द २०२२ पासून युरोपीय कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे त्यांच्या लंडन-टोकियो विमानांना बाराऐवजी चौदा तासांच्या आसपास लागतात.

मात्र सगळ्यात महागात पडते ती घड्याळाची चूक. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. लंडनहून ११:००, न्यूयॉर्कला १४:००, हा प्रवास तीन तासांचा नाही, आठ तासांचा आहे, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे असतं. उलट बाजूने तर हमखास फसगत होते. न्यूयॉर्कहून १९:०० ला निघून सात तास, म्हणजे रात्री दोनला पोचू, असं धरून ग्राहक लंडनहून पहाटे पाचचं पुढचं तिकीट वेगळं काढतात. विमान उतरतं सकाळी ७:०० ला, आणि तिकिटावर '+१' असतं, म्हणजे दुसरा दिवस. हॉटेलची तारीखही इथेच चुकते.

हिशोब स्वतः करायचा असेल तर दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये (म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत) आणा, मग वजा करा. हिवाळ्यात लंडनचे ११:०० म्हणजे यूटीसी ११:००, न्यूयॉर्कचे १४:०० म्हणजे यूटीसी १९:००. मार्चमध्ये जास्त जपा. उन्हाळ्यासाठी अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. ऑक्टोबरअखेरीस घड्याळं परत मागे घेतानाही एक आठवडा तसाच जातो.

वेगवेगळ्या तिकिटांवर आम्ही दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवतो. काहींना ते जास्त वाटतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि तेवढ्यात बॅग घेऊन पुन्हा चेक-इनही करायचं असतं. एकाच तिकिटावर जोडप्रवास मिळत असेल तर आम्ही तोच आधी सुचवतो.

तिकीट कुठूनही काढा, पण पैसे भरण्याआधी फ्लाइट नंबर, तारीख आणि विमानतळाचा तीन अक्षरी कोड आम्हाला पाठवा. नुसतं 'लंडन' लिहू नका. हीथ्रोला उतरून लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, पुढचं विमान असेल, तर ते कोडवरूनच लगेच लक्षात येतं.