ट्यूनाचा भाव नेमका कुठे ठरतो?

पहाटे पाचच्या सुमारास टोकियोतल्या त्सुकिजी बाजारात ओल्या फरशीवर गोठवलेल्या ट्यूनांच्या रांगा लागलेल्या असत. आपल्या किनाऱ्यावरचा कुपा याच कुळातला, पण इथला ब्लूफिन जातीचा ट्यूना अडीच-तीनशे किलोंचाही असतो. प्रत्येकाची शेपटी छाटलेली, अंगावर रंगात क्रमांक. खरेदीदार हातात टॉर्च घेऊन वाकत, शेपटीच्या कापातून आकडीने मांसाचा कण उकरत आणि बोटांत चोळून चरबीचा अंदाज घेत. मग घंटा वाजे. लिलाव पुकारणारा तालात ओरडू लागे, बोटांच्या खुणांनी बोली लागत आणि एकेका माशाचा निकाल काही सेकंदांत लागे.

मागणी-पुरवठ्याचं याहून शुद्ध उदाहरण कुठे मिळणार? थिओडोर बेस्टर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाला मात्र तिथे वेगळंच काही दिसलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ते या बाजारात येत राहिले आणि २००४ साली त्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. मानवशास्त्रज्ञ म्हटलं की मॅलिनोव्स्कीसारखा दूरच्या बेटावर मुक्काम ठोकणारा माणूस आठवतो. लोकांत राहायचं, ते करतात ते आपणही करून बघायचं, ही त्या अभ्यासाची रीत. त्सुकिजीत ती अर्धीच चालणार होती, कारण परवान्याशिवाय बोली लावता येत नाही. मग बेस्टर यांनी चौकशा करत हिंडायचं ठरवलं. मासा जाईल तिकडे जायचं आणि भेटेल त्याला विचारायचं.

बाजाराची रचना अशी होती. सात मोठ्या कंपन्या देशोदेशींचा माल घेऊन तो लिलावात काढत. त्यांची दलाली ठरलेली असे. समोर घेणारे सुमारे नऊशे मध्यस्थ व्यापारी, बहुतेक पिढीजात घराण्यांतले. ते मासा कापून गाळ्यावर मांडत आणि सुशीवाल्यांना, मासे विक्रेत्यांना विकत. म्हणजे लिलावात समोरासमोर उभी असलेली माणसं रोज तीच. आज एखाद्याने दुसऱ्याला कोंडीत पकडलं तर उद्या पहाटे पुन्हा त्याचंच तोंड बघायचं आहे! लिलावाची पद्धतही मालागणिक वेगळी, आणि ती त्या त्या मालाच्या व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवलेली. स्पर्धा चुरशीची होती, पण तिचं कुंपण स्पर्धकांनीच घातलेलं होतं.

मला या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो गाळ्यांच्या सोडतीचा. १९२३च्या भूकंपात टोकियोतल्या निहोनबाशी भागातला जुना मासळीबाजार बेचिराख झाला आणि १९३५ साली त्सुकिजी उभा राहिला. मालगाड्या आत याव्यात म्हणून इमारत चंद्रकोरीसारखी वळवलेली. त्यामुळे कुणाचा गाळा मोक्याच्या कोपऱ्यावर, तर कुणाचा आतल्या अंधाऱ्या बोळात. जागेप्रमाणे धंदा बदलणारच. यावर व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा अर्थतज्ज्ञाला चक्रावून टाकेल. दर काही वर्षांनी सोडत काढायची आणि सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं. चांगली जागा कायम कुणाच्याच मालकीची नाही. जास्त पैसे मोजणाऱ्याला मोक्याचा गाळा द्यायची सोपी वाट समोर असताना या लोकांनी नशिबावर भिस्त ठेवली, कारण त्यांना उद्याही एकमेकांबरोबरच धंदा करायचा होता.

चवही अशीच माणसांनीच ठरवलेली. ट्यूनाच्या पोटाकडचं चरबीदार मांस, तोरो, आज सोन्याच्या भावाने जातं, पण दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याला फारसं कुणी विचारत नसे. अटलांटिकच्या पलीकडे तर ब्लूफिन पाळीव जनावरांच्या खाद्यात जाई. जपानमधून उत्तर अमेरिकेला माल पोचवून रिकामी परतणारी विमानं भरायला काहीतरी हवं होतं आणि १९७२ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे ब्लूफिन टोकियोत येऊन पोचले. पुढे अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावरचे लोक समुद्री अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या अंडाशयाची वर्गवारी टोकियोला पटेल अशी करायला शिकले. मालाचा रंग, आकार, मांडणी, सगळं ठरलेल्या साच्यात बसलंच पाहिजे. चव तीच असली तरी साच्याबाहेरच्या मालाचा भाव पडतो.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये घाऊक बाजार टोकियोतल्याच तोयोसू भागात हलला. त्याआधी तिथल्या जमिनीतल्या प्रदूषणामुळे स्थलांतर दोन वर्षं रखडलं होतं. नव्या जागेतल्या नववर्षाच्या पहिल्याच लिलावात, २०१९च्या जानेवारीत, २७८ किलोंचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनना गेला. तो घेणाऱ्या सुशी साखळीला हा पैसा मांसातून वसूल होणार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव होतं.

या झगमगाटामागे मध्यस्थांची संख्या मात्र घटत गेली आणि स्थलांतराच्या वेळी ती पाचशेच्या आसपास उरली होती. सुपरमार्केटना एकसारख्या आकाराचा भरपूर मासा ठरल्या वेळी हवा असतो आणि तो ते लिलावाला वळसा घालून थेट उचलतात. बोटांत मांस चोळून बघणारा जाणकार त्यांना लागत नाही. तो लागतो सुशीवाल्याला, आणि या जाणकाराचा धंदा अजून सुशीवाल्यावरच चालतो.