भरती वेगळी, चोरलाट वेगळी

"ओहोटीची वेळ बघून जा, मग काही भीती नाही." आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूबद्दल कुणी मराठीत विचारलं की हे उत्तर हमखास येतं. सांगणारा बहुतेक वेळा आपल्याच कोकणातला असतो आणि मनापासून सांगत असतो. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि रेनिसफ्याराच्या किनाऱ्यावर ते जिवावर बेतू शकतं. तिथे माणसं ओढली जातात ती भरतीमुळे नव्हे. ज्या लाटेमुळे ओढली जातात तिला इंग्रजीत स्नीकर वेव्ह म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही, म्हणून मी चोरलाट म्हणते. चोरवाट, चोरखिसा, चोरपावलं या घरात तो सहज बसतो.

भरतीबद्दल समुद्राकाठच्या माणसाला काय सांगायचं? चंद्र-सूर्याची ओढ, दिवसातून दोन वेळा, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार. आमचे आजोबा घड्याळही न बघता सांगायचे, तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच हिशोबाने ओहोटी बघून करायची असते, आणि तिथल्या काळ्या खडकांसाठी तो हिशोब बरोबरच आहे. पाणी हळूहळू चढतं, तासन्‌तास लागतात, आणि कधी चढणार ते पंचांगातही कळतं.

चोरलाटेला तिथी नाही. ती वाऱ्याची लेक आहे. उत्तर अटलांटिकमध्ये कुठेतरी दूर वादळ होतं, दोन-तीन दिवस वारा एकाच दिशेने पाणी ढकलत राहतो, आणि तिथे उठलेल्या लाटा वादळ सोडून चालू लागतात. मोठ्या वादळातून निघालेल्या लांब लाटा दिवसाला हजारेक किलोमीटर येतात. त्यामुळे किनाऱ्यावर ऊन पडलेलं असतं, वाऱ्याची झुळूकसुद्धा नसते, आणि तरी समोर येणारं पाणी परवाच्या वादळाचं असतं. आभाळ बघून समुद्र ओळखायची आपली सवय इथेच फसते.

आता मुख्य गोष्ट, नीट वाचा. लाटेची उंची सगळे विचारतात, दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते कुणी विचारत नाही. खोल समुद्रात दर ८ सेकंदांनी येणाऱ्या लाटांचे माथे एकमेकांपासून सुमारे १०० मीटरवर असतात. दर १६ सेकंदांनी येणाऱ्या लाटांचे माथे सुमारे ४०० मीटरवर. सेकंद दुप्पट झाले की लांबी चौपट होते. दोन्हींची उंची तीनच मीटर असली, तरी दुसरीच्या पाठीमागे पाण्याचा केवढा मोठा लोंढा असतो याचा अंदाज करा. पहिली आपटते आणि संपते. दुसरी आपटल्यावरही तिचं पाणी येतच राहतं.

त्यातून या लाटा एकसारख्या नसतात. एका वादळाच्याच लाटांमध्ये कमी-जास्त लांबीच्या असतात, शिवाय एकाच वेळी दोन वादळांच्या लाटा येऊन पोचलेल्या असू शकतात. कधी एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि दहा-बारा मिनिटं समुद्र अगदी गुणी वाटतो. कधी माथ्यावर माथा बसतो, आणि एक लाट आधीच्या सगळ्यांची हद्द ओलांडून वर येते. मोठी लाट नेमकी कितवी हे सांगता येत नाही. "सातवी लाट मोठी असते" वगैरे मोजणाऱ्यांनी ते मोजणं इथे सोडून द्यावं.

तरीही प्रश्न उरतो, हे रेनिसफ्यारालाच का आणि आपल्याकडे एवढं का नाही? कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबईसमोर उथळ सागरी मंच जवळजवळ तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे, आणि कोकणातले बहुतेक पुळणीचे किनारे इतके सपाट की गुडघाभर पाण्यात बरंच अंतर चालत जाता येतं. लाट तळाला घासत घासत येते, दोन-तीनदा फुटते आणि पायाशी येईपर्यंत दमते. रेनिसफ्याराचा किनारा उभा उतरता आहे आणि पाण्याखाली तळ झपकन खाली जातो. लाट अंगातलं सगळं बळ घेऊन थेट दारात येते, अगदी काठाशी फुटते आणि उतारावर धावत सुटते. मग तेवढंच पाणी त्याच उतारावरून परत जातं, आणि जाताना पायाखालची जमीन घेऊन जातं.

हे मी पाहिलं आहे. सप्टेंबरातली दुपार होती, किनाऱ्यावरचा इशाऱ्याचा दिवा लाल नव्हता, वारा पडलेला. आम्ही वरच्या कोरड्या पट्ट्यात उभे होतो आणि मी लाटांकडे बघत होते. दहा मिनिटांहून जास्त वेळ प्रत्येक लाट एकाच रेषेवर थांबली. त्या रेषेच्या दोन पावलं वर एक गृहस्थ छोट्या मुलीला खांद्यावर घेऊन, समुद्राकडे पाठ करून फोटोसाठी उभे राहिले. पुढची लाट फुटली तीही आधीच्यांसारखीच दिसली, ना जास्त उंच, ना जास्त आवाज. फक्त तिचा फेस थांबला नाही. पांढरी चादर कुणी ओढत आणावी तसा तो रेषेवरून वर आला, त्यांच्या घोट्याला लागला, गुडघ्यापर्यंत चढला. एवढ्यावर ते उभे होते. पडले ते पाणी परत फिरल्यावर. तिथे बारीक वाळूपेक्षा काळे गुळगुळीत खडेच जास्त, पावट्याएवढे. पाणी मागे जाऊ लागलं तसे ते लाखो खडे खडखडत खाली घरंगळायला लागले, आणि त्यांच्यावर ठेवलेला पाय ठरेना. वरच्या बाजूच्या दोघांनी धावत जाऊन त्यांच्या जॅकेटला धरलं म्हणून निभावलं. मुलगी रडतसुद्धा नव्हती, इतक्या पटकन झालं सगळं.

पाण्यात गेलेल्या माणसाला पोहता येत असून उपयोग होत नाही, कारण तिथलं पाणी उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपासच असतं. जाड कपडे आणि बूट पाणी पितात, आणि बाहेर यायचा प्रत्येक प्रयत्न त्याच घरंगळत्या उतारावर करावा लागतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका लहान मुलीचा इथे जीव गेला, आणि ती पहिली नव्हती. म्हणून "ओहोटीला जा" हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही.

भरतीचा काहीच संबंध नाही असंही नाही. भरतीला पाण्याची पातळी वर असते, किनारा अरुंद होतो, तेव्हा चोरलाट आणखी वर पोचते. पण ओहोटीत काय होतं बघा. पाणी मागे सरकलं की माणूसही पुढे सरकतो. लाटेपासूनचं अंतर होतं तेवढंच राहतं, वाढते ती फक्त निर्धास्ती. ओहोटीने समुद्राची पातळी उतरते, वादळातून निघालेल्या लाटा उतरत नाहीत.

तिथली गुहा आणि बेसॉल्टचे षटकोनी खांब याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळे फोटो तिथलेच असतात. असे खांब आपल्याला नवे नाहीत. अंधेरीचा गिल्बर्ट हिल तसाच, पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही आहेत. लाव्हा थिजताना आकसला आणि तडकत गेला की असे खांब बनतात. रेनिसफ्याराचे खांब पायऱ्यांसारखे चढत जातात, म्हणून लोक त्यांवर बसतात. पण तिथे पाठीला कडा असतो आणि समोर समुद्र. मोकळ्या किनाऱ्यावर निदान वर पळता येतं. इथे लाट दोन्ही बाजूंची वाट बंद करते आणि माणसाला कड्यावर आपटते. ओहोटी बघून आलेली माणसं नेमकी गुहेकडेच जातात, कारण ओहोटीला तिथपर्यंतची वाट रुंद दिसते.

पार्किंगपाशी इशाऱ्याचे दिवे आहेत, २०२२ पासून. लाटांच्या अंदाजावरून ते बदलतात. लाल असला तर वाळूवर उतरायचं नाही, वरूनच बघायचं आणि परत फिरायचं, आठ हजारांहून जास्त किलोमीटर प्रवास करून आलो असलो तरी. लाल नसेल तेव्हा वाळूतली ओल बघा. सगळ्यात वरच्या ओल्या रेषेपर्यंत आज पाणी येऊन गेलेलं आहे, तेव्हा तिच्याही बरंच वर उभं राहायचं. पाण्यापासून तीसेक मीटर हा माझा नियम. मुलांचा हात धरायचा. समुद्राकडे पाठ करायची नाही. फोटो काढणाऱ्याचं तोंड समुद्राकडे असतं हा युक्तिवाद मला चालत नाही, त्याचं लक्ष स्क्रीनमध्ये असतं. कुणी ओढलं गेलंच तर मागून पाण्यात शिरू नका. ११२ लावा आणि त्या माणसावरची नजर हलवू नका.

आपला किनारा यातून पूर्ण सुटलेला आहे असं मात्र समजू नका. केरळात कल्लक्कडल नावाचा प्रकार असतो. वारा नाही, पाऊस नाही, आणि दक्षिणेकडच्या दूरच्या महासागरातून आलेल्या लांब लाटा एकाएकी गावात शिरतात. मल्याळममध्ये त्या नावाचा अर्थ चोरासारखा येणारा समुद्र. चोरलाटेची ही जवळची नातलग. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता तिचे आधीच इशारे देते. ते इशारे महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी आले, तर तिथी बघून ते बाजूला सारू नयेत.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, भराभर उरकते. वीकचा किनारा आणि रेनिसफ्यारा एकच नाहीत. रेनिसफ्याल या डोंगराच्या पूर्वेला वीक गाव आणि त्याचा किनारा, पश्चिमेला रेनिसफ्यारा. समुद्रातले रेनिसद्रांगार सुळके दोन्हीकडून दिसतात, त्यामुळे फोटोंची अदलाबदल होते. वीकला गुहा नाही, पण समुद्र तोच, तेव्हा तिथेही हेच नियम. याच रस्त्यावरच्या दोन धबधब्यांपैकी ज्याच्या मागून चालत जाता येतं तो सेल्यालांड्सफॉस, आणि रुंद पडद्यासारखा पडतो, ज्याच्या कडेने पायऱ्या वर जातात तो स्कोगाफॉस. दोन्ही साठेक मीटर उंच. दोन्ही ज्या कड्यावरून पडतात तो कधीकाळी समुद्राचा काठ होता; समुद्र मागे हटला, कडा तिथेच राहिला. आणि फॉस म्हणजेच धबधबा, तेव्हा "स्कोगाफॉस धबधबा" म्हणायचं कारण नाही.

एका दिवसात हे सगळं करायचं तर क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे. रेक्याविकहून वीक सुमारे १८५ किलोमीटर, अडीच तास. बहुतेक जण वाटेतले धबधबे आधी घेतात आणि रेनिसफ्याराला दुपारी उशिरा, दमलेले, वीस मिनिटं हातात घेऊन पोचतात. त्या किनाऱ्याला घाईत भेट देणं हीच खरी चूक आहे, कारण लाटा कळायला पंधरा मिनिटं नुसतं बघत उभं राहावं लागतं. सकाळी कुठेही न थांबता आधी दिरहोलाएच्या टेकाडावर जा. तिथून रेनिसफ्याराचा सगळा पट्टा खाली पसरलेला दिसतो. लांबून येणाऱ्या लाटांच्या रेषा उंचावरून स्पष्ट मोजता येतात. घड्याळ लावा आणि दोन रेषांमध्ये किती सेकंद जातात ते बघा. पंधरा-सोळाच्या घरात आकडा आला तर खाली उतरण्याआधी घरच्यांना चार शब्द नीट सांगा. मग रेनिसफ्यारा, वीकमध्ये जेवण, आणि परतीच्या वाटेवर स्कोगाफॉस. याच रस्त्यालगत सोल्हेइमासांदूरच्या वाळूत पडलेल्या जुन्या विमानाच्या सांगाड्याकडे जाणारी सात-आठ किलोमीटरची पायपीट एका दिवसाच्या सहलीत मी करणार नाही.

सेल्यालांड्सफॉस शेवटी ठेवा. त्याचं तोंड पश्चिमेकडे आहे, उन्हाळ्यात संध्याकाळचं तिरपं ऊन सरळ पडद्यावर येतं. मागच्या वाटेवर चिखल आणि निसरडे दगड आहेत, आणि पाचव्या पावलाला अंगावरचं सगळं भिजतं. रेनकोट गाडीतून उतरतानाच घाला.