नगरसेवकाचं वय बघू नका, त्याला अजून किती निवडणुका लढायच्यात ते बघा

नाशिकच्या सिडकोत कुठल्याही टपरीवर चहा घ्या, हे हमखास ऐकू येतं की तरुण पोरगा निवडून आला की ओपन जिम, जुनं खोड आलं की विरंगुळा केंद्र. पटतं लगेच, पण यात दोन गोष्टींची खिचडी झालीये. वयाप्रमाणे माणसाची आवड ही एक, आणि त्याचं राजकारण अजून किती बाकी आहे ही दुसरी.

आवडीत फार दम नाही. ओपन जिमवर सकाळी सहाला जाऊन बघा, कानटोपी घातलेले आजोबाच ते चाक फिरवत असतात, म्हणजे बसवली तरुणाने पण वापरतात ज्येष्ठ, कारण मागणी प्रभागातून येते. शिवाय बजेट आयुक्त मांडतात, मग १६ जणांची स्थायी समिती, मग १२२ जणांची महासभा, एकट्याची आवड त्यात कितीशी टिकणार!

उरलेल्या राजकारणाचं मात्र वेगळंय. अलेसिना, कॅसिडी आणि ट्रोयानो या तिघा अर्थतज्ज्ञांनी इटलीतल्या नगरपालिका तपासल्या, जिथे तरुण किंवा वयस्कर उमेदवार अगदी थोडक्यात जिंकला होता अशा गावांची तुलना केली, तर तरुण नेते निवडणुकीच्या आधीच्या वर्षांत खर्च वाढवतात आणि वरच्या सरकारकडून निधीही जास्त ओढून आणतात असं दिसलं. त्यांच्या मते कारण करिअर, पुढची पायरी चढायची असते ना. म्हणजे पैसा कशावर यापेक्षा पैसा कधी, हा प्रश्न. आपल्याकडे आचारसंहितेच्या तोंडावर नारळ फुटायला लागतात, पेव्हर ब्लॉकचे ढीग पडतात, तेव्हा कोण सगळ्यात जास्त पळतोय ते बघा.

आता इथली गंमत. सत्तरीतले अण्णा स्वतः लढणार नाहीत, पण सूनबाईंना तिकीट हवंय, मग अण्णा तिशीतल्या पोरासारखेच फाइली घेऊन मंत्रालयात. उलट पंचविशीतल्या पोराचा वॉर्ड सोडतीत महिला राखीव निघाला आणि शेजारी कुठे जागा नाही, तर तोच पोरगा थंड पडतो. जन्मतारखेवरून या दोघांचा अंदाज बांधाल तर दोन्हीकडे फसाल, आणि २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासक आले तेव्हा तर नगरसेवकाच्या वयाचा विषयच उरला नव्हता, तरी कामं निघतच होती.