बाहेर पडलेली गादी जाते कुठे?

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर धाकट्या भावाने माळ्यावरून मखराचा खोका उतरवला आणि त्याच्या कमरेत उसण भरली. दोन दिवस शेक, बाम, तेल झालं. तिसऱ्या दिवशी कमर जरा हलकी झाली म्हणून आम्ही हुश्श केलं, तर दुखणं पायात उतरलेलं. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत धरायचा.

भावजयीची मावशी पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने लाथ मारली की उसण जाते, ही समजूत आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतही टिकून आहे. मावशी मुद्दाम विरारहून आल्या, त्याला उंबऱ्यावर उभं केलं आणि हलक्या तीन लाथा दिल्या. गुण आला नाही. मग एमआरआय झाला. रिपोर्टात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीचा तुकडा 'सुटून खाली सरकला आहे' असं लिहिलेलं. घरात सुतकी शांतता.

डॉक्टरांनी त्याला उताणं झोपवलं, गुडघा न वाकवता पाय वर उचलला. चाळीसेक अंशांवरच तो ओरडला. मग त्याला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं, अंगठा वर ओढून धरायला लावला. ताकद शाबूत होती. रिपोर्ट पुन्हा एकदा बघून ते म्हणाले, "तुकडा सुटलाय ना? मग बरंच आहे. सहा आठवडे थांबू."

बरंच आहे? हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हा लेख त्यातूनच आला.

आधी आपली भाषा तपासू. 'गादी सरकली' असं आपण म्हणतो, पण गादी कॅरमच्या सोंगटीसारखी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. 'मणक्यात गॅप आलाय' हे तर अगदी उलटं. एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही, दिसते ती दोन मणक्यांमधली मोकळी जागा. गादी झिजली की ती जागा कमी होते. म्हणजे गॅप येत नाही, जातो.

आपल्या कण्यात अशा २३ गाद्या आहेत. प्रत्येकीला बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट तंतूंची कडी असते. पंधरा-वीस थर, आणि एका थराचे तंतू डावीकडे तिरपे तर पुढच्याचे उजवीकडे. आत पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत गर. भिजवलेल्या सब्जाभोवती जो थर येतो ना, साधारण त्या जातीचा. दिवसभर वजन पेलताना या गरातलं पाणी हळूहळू पिळून निघतं, रात्री आडवं पडलं की परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. पटत नसेल तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून बघा.

कडीला चीर गेली की गर बाहेर येतो आणि शेजारून निघणाऱ्या नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, मुळाशी जाऊन बसतो. अशी पाच मुळं एकत्र येऊन सायटिक नस बनते. ती शरीरातली सर्वांत जाड नस आहे, करंगळीएवढी. दुखणं मुळाशी, कळ मात्र अंगठ्यात, कारण मेंदूला एवढंच कळतं की ही तार अंगठ्याकडून येते. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं की कण्यातल्या ज्या गाठींना शल्यविशारद तोवर कूर्चेच्या, म्हणजे कानात असतं तसल्या लवचीक हाडाच्या, गाठी समजत होते, त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे गादीचाच बाहेर आलेला माल आहे. तेव्हापासून समीकरण ठरलं. गादी नसेवर दाबते म्हणून दुखतं; दाब काढा, दुखणं जाईल.

समीकरण सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीचा त्रास नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली होती, २७ टक्क्यांत तर ती चांगली पुढे आलेली. आणि हे सगळे ठणठणीत! तुमच्या रिपोर्टातला 'डिस्क बल्ज' वाचून घाबरण्याआधी हा आकडा आठवा. दुसरा पुरावा स्वीडनमधला. १९९३ मध्ये तिथल्या संशोधकांनी डुकरांच्याच गादीतला गर काढून त्यांच्या नसांच्या मुळांवर नुसता ठेवला. दाब अजिबात नाही. तरी त्या नसांतून संदेश मंद जायला लागले. त्याच जागी चरबी ठेवली तर तसं होईना. म्हणजे गर नसेला चिरडतो तितकाच चिडवतोही.

का चिडवतो, हा मला सगळ्यांत आवडणारा भाग. इथे जरा किचकट होणार आहे, पण सोडू नका.

मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. रक्तच नाही, तर रक्तातून गस्त घालणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीही नाहीत. गर्भात असल्यापासून हा गर बंद खोलीत वाढलेला असतो. कडी फाटून तो बाहेर पडला की रक्ताने भरलेल्या जागेत येतो आणि गस्तीवरच्या पेशी त्याला पहिल्यांदाच बघतात. हा कोण? घरचा असूनही त्याला परका समजून शरीर त्याच्यावर तुटून पडतं. तुकड्याभोवती नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या महाभक्षी पेशी, येऊन चिकटतात.

पुढचं चक्र उंदरांच्या गादीवरच्या प्रयोगांतून उलगडलं. मॅक्रोफेज 'एमएमपी-७' नावाचं एन्झाइम सोडतात. ते कात्रीसारखं काम करून पेशींच्या अंगावर जखडलेलं 'टीएनएफ-अल्फा' हे दाहाचं रसायन मोकळं करतं. टीएनएफ गादीतल्या कूर्चापेशींना उठवतं. त्या 'एमएमपी-३' हे दुसरं एन्झाइम तयार करतात. एमएमपी-३ मुळे असा रासायनिक सांगावा सुटतो, की आणखी मॅक्रोफेज तुकड्याच्या आत शिरतात. ते पुन्हा एमएमपी-७ सोडतात. एक दुवा काढला की साखळीच थांबते: ज्या उंदरांत एमएमपी-३ बनतच नव्हतं, त्यांच्या गादीत मॅक्रोफेज शिरलेच नाहीत. या दोन कात्र्या आणि त्यांच्यासोबतची आणखी एन्झाइमं मिळून गराचे तंतू कापतात, मॅक्रोफेज ते गिळतात आणि तुकडा आक्रसत जातो.

गंमत बघा. जे टीएनएफ ही साफसफाई चालवतं, तेच नसेला सुजवून कळा आणवतं. भावाच्या पोटरीतली आग ही बऱ्याच अंशी सफाई कामगारांचा गोंगाट होती. (म्हणून वेदनाशामक घेऊच नये, असा अर्थ कृपया काढू नका. उंदरावरून माणसावर इतकी लांब उडी मारता येत नाही.)

आता डॉक्टरांचं 'बरंच आहे' कळतं. गादी नुसती फुगली असेल तर गर अजून कडीच्या आतच असतो. रक्ताची आणि त्याची गाठच पडत नाही. तुकडा सुटून बाहेर पडला तर त्याला चहूबाजूंनी रक्त भेटतं. आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. पूर्ण सुटलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप लहान झाले किंवा नाहीसे झाले, कडी फाडून बाहेर आलेली पण देठाला धरून असलेली गादी ७० टक्क्यांत, नुसती फुगलेली फक्त १३ टक्क्यांत. रिपोर्टातला शब्द जितका भयंकर, तितकी गादी मुकाट निघून जाण्याची शक्यता जास्त.

हे काम बाहेरून करून बघण्याचा खटाटोपही झाला, आणि तोही पपईने. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, तिच्यातल्या एन्झाइमची ही गोष्ट. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या लुईस टॉमस यांनी सशांच्या शिरेत पपेन टोचलं, तर त्यांचे ताठ कान कुत्र्याच्या पिल्लासारखे लोंबकळले. कानातली कूर्चाच मऊ पडली होती. काही दिवसांत कान पुन्हा उभे राहिले. त्यावरून पपईतलंच कायमोपपेन माणसाच्या गादीत टोचायची कल्पना निघाली. १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण काहींना जीवघेणी ॲलर्जी आली, मज्जारज्जूला इजा झाल्या आणि उपचार मागे पडला. जपानने २०१८ मध्ये जिवाणूंपासून काढलेल्या वेगळ्या एन्झाइमला परवानगी दिली आहे. पपई कमरेवर चोळून काहीही होत नाही, हे सांगून ठेवतो, कुणीतरी विचारणारच.

तर मग तोवर करायचं काय? पडून राहायचं नाही. नेदरलँड्समधल्या १८३ रुग्णांच्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणावर काढणारे आणि जमेल तसं हिंडणारे यांच्यात फरक पडला नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के सुधारले होते. भावाला खुर्ची सोसत नव्हती, चालणं मात्र सोसत होतं, म्हणून तो सोसायटीच्या आवारात दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारायचा. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच. शस्त्रक्रिया वाईट नव्हे. २००७ मध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांत असं दिसलं की लवकर शस्त्रक्रिया केली तर आराम लवकर पडतो, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे. अर्थात थांबणाऱ्यांतल्या ३९ टक्क्यांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करावीच लागली.

एक गोष्ट मात्र थांबण्यातली नाही. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे मॅक्रोफेजची वाट बघायची नसते.

बस थांब्यांवर 'सायटिका मुळापासून, विनाऑपरेशन, १०० टक्के हमी' असं लिहिणाऱ्यांचं गणित आता सोपं आहे. बहुतेकांची कळ दोन-तीन महिन्यांत आपणहून ओसरते. माणूस हैराण होऊन चौथ्या-पाचव्या आठवड्यात तेल, पट्टा किंवा 'मणका बसवणारा' गाठतो आणि त्याच सुमारास उतार पडायला लागतो. श्रेय शेवटी जो भेटला त्याचं.

भावाचा पाय दिवाळीपर्यंत मोकळा झाला. तुकडा गेला का हे बघायला त्याला पुन्हा एमआरआय हवा होता. डॉक्टरांनी विचारलं, "पाय दुखतोय? नाही ना? मग कशाला पैसे घालवता?" तेव्हा तो तुकडा गेला की तिथेच कुठेतरी पडून आहे, हे आम्हाला ठाऊक नाही.

यंदा मखराचा खोका उतरवायला त्याने मला बोलावलं. मावशीही आल्या होत्या. त्याला ताठ उभा बघून म्हणाल्या, "माझ्या पायाला गुण आहे रे, जरा उशिरा येतो एवढंच."