आखाड्याची जागा : निवड व परीक्षा

कुस्ती, मल्लखांब, लाठी, बनेठी, जंबिया ही देशी अंगे आणि ज्यूडो, कराटे, मुष्टियुद्ध हे नंतर रुळलेले प्रकार एकाच आवारात शिकवता यावेत म्हणून भूखंड पारखण्याची व ठरविण्याची रीत. या नोंदीत बडोदे शहर व त्याच्या भोवतालची भूमी विशेषेकरून गृहीत धरली आहे.

जागेची निवड म्हणजे वस्तुतः दोन निवडी असतात. हौदाला, म्हणजे कुस्तीसाठी माती भरलेल्या खळग्याला, भुसभुशीत राहणारी आणि पाणी खाली सोडणारी माती लागते. इमारतीला न हलणारी जमीन लागते. एकाच भूखंडावर दोन्ही मिळणे विरळ, आणि काळ्या मातीच्या सीमेवर वसलेल्या बडोद्यात अधिकच विरळ. जागा फसली असे म्हटले जाते तेव्हा बहुधा एका गरजेची कसोटी दुसरीला लावलेली असते.

ग्रंथांतील उल्लेख : मल्लविद्येच्या ग्रंथांत हौद कसा सिद्ध करावा हे सापडते, भूखंड कोठे घ्यावा याविषयी फारसे नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासातील (इ. स. ११३० च्या सुमारास) मल्लविनोद हा भाग राजाने पाहावयाच्या कुस्त्यांचा आहे. त्यातील आखाडा प्रेक्षकांच्या बैठकीला जोडलेले रंगस्थळ असून रोजच्या मेहनतीची तालीम नव्हे. गुजरातेतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांची (वंशपरंपरेने मल्लविद्या करणाऱ्या ज्ञातीची) परंपरा सांगणारे मल्लपुराण अभ्यासाच्या अधिक जवळ जाते. मल्लांचे वर्ग, श्रमाचे प्रकार, ऋतूनुसार आहार आणि हौदाची सिद्धता हे विषय त्यात येतात. स्तंभश्रम या नावाने मल्लखांबासारखा व्यायामही त्यात आहे. दोन्ही ग्रंथ बडोद्याच्याच गायकवाड प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाले; मल्लपुराण भो. ज. सांडेसरा व र. ना. मेहता यांच्या संपादनाने १९६४ मध्ये.

मल्लपुराणाच्या काळाबद्दल एकमत नाही. काहीजण ते तेराव्या शतकात नेतात, तर काही पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत खाली आणतात. ज्ञातीची बाजू मांडण्याची त्यातील रीत पाहता उत्तरकालीन मत अधिक संभवनीय वाटते. मात्र ग्रंथ उशिराचा असला तरी त्यातील श्रमपद्धती जुनी असू शकते. एकोणिसाव्या शतकात ज्येष्ठी मल्ल बडोद्याच्या दरबारी होते. खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत (१८५६–७०) आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने मुठीत नखे बांधून खेळलेली कुस्ती आणि हत्तींच्या साठमारीचे (हत्तींना डिवचून खेळण्याच्या झुंजीचे) मैदान या दोहोंचे वर्णन केले आहे. या मैदानाच्या उंच भिंतीत माणूस निसटेल एवढीच अरुंद दारे होती. बडोद्याच्या आखाड्यांची जुनी वर्णने म्हणून असे उतारे वारंवार दिले जातात. ते प्रेक्षकांपुढील खेळांच्या जागेचे आहेत. तालमीच्या जागेसाठी त्यांतून काही हाती लागत नाही.

भूमिपरीक्षेचे नियम म्हणून वास्तुशास्त्राकडे वळावे लागते. बृहत्संहितेत (सहावे शतक) दोन कसोट्या आहेत. हातभर खड्डा खणून तीच माती परत भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, पुरेपूर बसली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. दुसरी, खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन यावे. पाणी उतरले नसेल तर भूमी चांगली. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपासाठी सम, स्थिर, कठीण, काळी किंवा गोरी भूमी सांगितली असून नांगर फिरवून हाडे, खुंट, कवट्या व झुडपे काढून टाकण्यास सांगितले आहे. भूमीचा हा उपदेश भार पेलणाऱ्या वास्तूसाठी आहे. पाणी न उतरणे हा घराचा गुण आणि हौदाचा दोष. शिवाय ‘काळी’ म्हटली म्हणून कपाशीची काळी माती चालेल असे समजणे बडोद्यात महाग पडते.

केरळातील कळरीचे (कळरीपयट्टू या युद्धकलेच्या तालमीचे) माप ४२ × २१ फूट, लांबी पूर्व-पश्चिम, दार पूर्वेला, नैर्ऋत्य कोपऱ्यात पायऱ्यांची पूत्तरा (पूजेची वेदी) आणि तळ भूमीपेक्षा खाली, असे परंपरेने सांगितले जाते. नाट्यशास्त्रातील ६४ × ३२ हातांच्या मंडपाशी दुपटीचे प्रमाण जुळते म्हणून कळरी त्यावरून आली असे काही अभ्यासक मानतात. केवळ प्रमाणावर हा निष्कर्ष जड होतो. पुढे-मागे धावत जाणाऱ्या अभ्यासक्रमांना लांबट जागा लागते, हे साधे कारण पुरेसे आहे. तळ खोल नेण्याने वारा अडतो आणि तेल चोळलेले अंग गार पडत नाही. मलबारच्या जांभ्या भूमीत पाणी झिरपून जाते म्हणून ते निभते. बडोद्यात असा खड्डा खणला तर श्रावणात त्यात पाणी उभे राहील.

बडोद्यातील परंपरा : जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांच्या नावाशी निगडित दांडिया बाजारातील व्यायाम मंदिर हे शहरातील मराठी वस्तीचे सर्वांत ख्यातनाम व्यायामकेंद्र. द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ पासून दहा खंडांत संपादिलेला व्यायामज्ञानकोशही बडोद्याचाच. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांतील तालमी वस्तीच्या पोटात असल्याने पहाटे पायी येण्याच्या अंतरावर होत्या. आज मोठ्या भूखंडासाठी शहराबाहेर जावे लागते आणि हा गुण प्रथम हरवतो. सकाळी साडेपाचला मुलांना पोहोचविणारे वाहन नसेल तर वर्षभरात पहाटेचा वर्ग ओस पडतो. संध्याकाळच्या वर्गावर चालणारी तालीम हौदाची निगा राखू शकत नाही, कारण माती खोदण्याचे काम पहाटेच्या मेहनतीचा भाग असते.

पूर आणि पाणी : भूखंड पाहताना पहिला प्रश्न विश्वामित्रीचा. नदी पावागडाकडून येऊन शहराच्या मधून वळणे घेत जाते. काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५, २०१९ आणि २०२४ चे पूर शेजाऱ्यांच्या आठवणीत आहेत. भिंतीवरील ओलीची रेघ कोठपर्यंत होती हे निदान तीन वेगवेगळ्या घरी विचारावे आणि त्यांतील सर्वांत वरची धरावी. जोते तिच्यापेक्षा किमान ६० सेंमी. वर आणि हौदाचा काठ जोत्याच्या बरोबरीने. नदीकाठच्या कोतरांलगतचे (घळींलगतचे) भूखंड स्वस्त, हवेशीर आणि दिसायला रम्य असतात. तेथे काठ ढासळतो आणि पुरात मगरी आवारात येतात. असे भूखंड सोडावेत.

पुराचे पाणी एकदा हौदात शिरले की माती धुऊन चालत नाही. गाळ आणि गटाराचे पाणी मिसळलेल्या मातीने कातडीचे विकार व जखमांत पू होतो. ६ × ६ मी. हौदात ७५ सेंमी. माती म्हणजे २७ घनमीटर, सुमारे ३५ ते ४० टन. एवढी माती काढून नवी भरणे, काव, तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती पुन्हा मुरविणे हा एका हंगामाचा खर्च आणि वेळ.

मातीची परीक्षा : शहराच्या दक्षिणेला डभोई, करजणकडे कानम प्रदेशाची काळी माती, उत्तरेला महीकडे जाताना गोराडू, म्हणजे पिवळसर, पोयट्याची गाळमाती. शहर दोहोंच्या सांध्यावर असल्याने एकाच भूखंडाच्या दोन टोकांना दोन प्रकार निघू शकतात. म्हणून एक खड्डा पुरत नाही. चार कोपरे व मध्य असे पाच, प्रत्येकी दोन मीटर खोल, आणि शक्यतो मे महिन्यात. त्या वेळी काळ्या मातीच्या भेगा उघड दिसतात. पावसाळ्यात तीच भूमी सपाट व निर्दोष भासते आणि विकणारे बहुधा तेव्हाच दाखवितात.

फुगवट्याची चाचणी सोपी आहे. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गेलेली वाळलेली माती १०-१० ग्रॅम १०० मिली.च्या दोन नळकांड्यांत घ्यावी. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी पाण्यातील मातीचे घनफळ रॉकेलातील मातीपेक्षा ५० टक्क्यांहून अधिक वाढले असेल तर जमीन अतिशय फुगणारी समजावी. निचऱ्यासाठी खड्डा आदल्या रात्री भिजवून सकाळी पाणी उतरण्याचा वेग मोजतात. २५ मिमी. उतरण्यास अर्ध्या तासाच्या आत लागले तर शोषखड्डा चालेल. एका तासाहून अधिक लागले तर नळीने पाणी बाहेर नेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी रस्त्यालगतची गटार हौदाच्या तळापेक्षा खाली आहे काय हे खरेदीपूर्वीच पाहावे. बृहत्संहितेची शंभर पावले आणि ही चाचणी एकच क्रिया आहे. फक्त निकालाचा अर्थ इमारतीसाठी एक, हौदासाठी दुसरा.

काळ्या मातीवर बांधकाम करता येत नाही असे नव्हे. टोकाशी फुगा असलेल्या खांबांचा पाया साधारण साडेतीन मीटर वा अधिक खोल नेतात आणि जोत्याच्या तुळईखाली सुमारे ८० मिमी. पोकळी ठेवतात. येथे एक चूक नित्याची आहे. खांबांमुळे भिंती वाचतात. फरशी मात्र थेट मातीवरच असते. इमारतीच्या मध्याखाली ओल टिकते, कडांची सुकते, आणि फरशीला मधोमध फुगा येतो. त्यावरील मॅटचे सांधे उघडून पायाचे बोट अडकेल एवढ्या फटी पडतात. ज्यूडोच्या फेकीत घोटा जातो तो बहुधा येथे. उपाय, फरशीखालची माती सुमारे एक मीटर काढून न फुगणारा मुरूम थरांनी ठोकून भरणे. अंदाजपत्रकात ही भर धरली नाही तर स्वस्त भूखंड महाग ठरतो.

झाडांच्या बाबतीतही तीच दुहेरी गोष्ट. हौदापाशी कडुनिंब असावा. सावली मिळते आणि पाला मातीत घालता येतो. इमारतीपाशी मात्र झाड आपल्या उंचीइतके दूर हवे, कारण उन्हाळ्यात मुळे पायाखालची ओल ओढून घेतात.

क्षेत्र व मापे : कुस्तीची मॅट १२ × १२ मी., भोवती २ मी. मोकळे धरले तर १६ × १६ मी. ज्यूडोच्या स्पर्धेसाठी सुरक्षापट्ट्यासह किमान १४ × १४ मी. कराटेचा आखणीचा चौक ८ × ८ मी., बाहेर सुरक्षापट्टा वेगळा. हौद ६ × ६ मी. असला तर छप्पर ९ × ९ मी. हवे, नाहीतर तिरपा पाऊस काठाची माती चिखल करतो. पुरलेला मल्लखांब भूमीवर अडीच ते पावणेतीन मीटर. दोरीच्या मल्लखांबाला साडेपाच मीटर दोरी लागत असल्याने आढे सहा मीटरच्या वर. लाठीला जागा सर्वाधिक लागते आणि आराखड्यात हीच विसरली जाते. हात व लाठी मिळून अडीच मीटरची त्रिज्या, म्हणजे प्रत्येकी पाच मीटरचा चौक. वीस मुलांना ५०० चौ. मी. ती दालनात शिकवायची तर छत साडेचार मीटर आणि पंखे भिंतीवर. स्वच्छतागृहे, वाहनतळ, इमारतीभोवती सोडावयाची अंतरे धरून २,००० ते २,५०० चौ. मी. हा समंजस आकडा. क्षेत्र विघा या स्थानिक मापात सांगितले तर चौरस मीटर लिहून मागावे. विघा सर्वत्र सारखा नाही.

दिशा : दालनाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर पश्चिमेचे ऊन आखूड भिंतीवरच पडते. उघड्या मैदानाची लांबी याउलट उत्तर-दक्षिण, कारण सरावाच्या दोन्ही वेळांना सूर्य खाली असतो आणि समोरची लाठी दिसत नाही. खिडक्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याला मोकळ्या हव्यात.

हक्क : सात-बारा वा सिटी सर्व्हेचा उतारा, बिनशेती परवानगी आणि रस्त्याची रुंदी पाहण्याबरोबर भूखंड नगररचना योजनेत आहे काय हे तपासावे. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यानुसार मूळ खंडाच्या बदल्यात अंतिम खंड मिळतो. तो आकाराने लहान असतो आणि कधी दुसऱ्याच ठिकाणी. मूळ खंडावर केलेली मातीची परीक्षा मग निरुपयोगी ठरते. म्हणून पाच खड्डे अंतिम खंड निश्चित झाल्यावरच खणावेत. न्यासाच्या मालकीची जुनी तालीम विकून नवी जागा घ्यावयाची असल्यास १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमती लागते. बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने देण्यासही तीच अट आहे. ही संमती हाती येण्यापूर्वी नव्या भूखंडाचा विसार देऊ नये.