लेव्हरकुसेनचे दोन उपविजेते: 2000 चे आणि 2002 चे

बायर लेव्हरकुसेन हा जर्मन फुटबॉल क्लब म्हटलं की 'ऐन वेळी कच खाणारा संघ' हे वाक्य हमखास कानावर पडतं. 2024 मध्ये प्रशिक्षक झाबी अलोन्सोच्या संघाने एकही सामना न हरता बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग जिंकली, तेव्हाही जुन्या पराभवांची उजळणी झालीच. त्या उजळणीत 2000 आणि 2002 हे दोन हंगाम एकाच माळेत ओवले जातात. क्लब तोच आणि मधल्या फळीत मिशाएल बालाक दोन्हीकडे, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. तरी हे दोन संघ वेगळ्या कारणांनी हरले, आणि दुसऱ्यावर तर सरळ अन्याय झाला आहे.

आधी 2000. ख्रिस्टोफ डाऊम प्रशिक्षक होते. शेवटच्या फेरीआधी लेव्हरकुसेन बायर्न म्युनिकपेक्षा तीन गुणांनी पुढे होतं. 20 मे रोजी उंटरहाखिंगच्या मैदानावर फक्त बरोबरी हवी होती. उंटरहाखिंग म्हणजे म्युनिकच्या वेशीवरचा छोटा क्लब, बुंडेसलिगातलं त्याचं ते पहिलंच वर्ष. पहिल्या अर्ध्या तासातच गोलसमोर आलेला क्रॉस अडवायला बालाक घसरत गेला आणि चेंडू त्याच्याच पायाला लागून जाळ्यात गेला. स्वयंगोल! तिकडे बायर्नने ब्रेमेनविरुद्ध पहिल्या वीस मिनिटांतच 3-0 अशी आघाडी घेतली होती. लेव्हरकुसेन 0-2 ने हरलं. दोघांचे गुण 73, आणि चांगल्या गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) जेतेपद बायर्नकडे गेलं.

या पराभवाला दडपणाशिवाय दुसरं कारण मला सापडत नाही. लेव्हरकुसेन युरोपीय क्लब स्पर्धांतून डिसेंबरातच बाहेर पडलं होतं, त्यामुळे वसंतात आठवडाभराची विश्रांती मिळत होती. एमर्सन, झे रोबेर्टो, उल्फ कर्स्टन अशी मंडळी संघात होती. त्या दिवशी त्यांचं अवसान गळालं. इथे 'कच खाल्ली' म्हणणं बरोबरच आहे.

2002 चं गणित निराळं. क्लाउस टॉपम्योलर यांच्या या संघाचा फुटबॉल आधीच्यापेक्षा कितीतरी मोकळा होता. लुसिओ बचावातून चेंडू घेऊन थेट समोरच्या गोलपर्यंत धावायचा. बास्टुर्क, श्नायडर, झे रोबेर्टो आणि बालाक जागा बदलत राहायचे. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत, त्यांनी लिव्हरपूलला अ‍ॅनफिल्डवरच्या 0-1 नंतर घरी 4-2 ने हरवलं, मग मँचेस्टर युनायटेडलाही बाहेर काढलं.

आता तारखा पाहा. तीन सामने उरले असताना लीगमध्ये पाच गुणांची आघाडी होती. 20 एप्रिलला ब्रेमेनकडून घरच्या मैदानावर 1-2 असा पराभव झाला. 24 ला चॅम्पियन्स लीगमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 2-2. 27 ला न्यूर्नबर्गमध्ये 0-1. 30 ला युनायटेडशी पुन्हा 1-1, आणि त्याच सामन्यात कर्णधार येन्स नोव्होट्नीचा गुडघा गेला. 4 मे रोजी त्यांनी हेर्टाला हरवलं, पण जेतेपदाच्या शर्यतीतलं डॉर्टमुंडही जिंकलं आणि एका गुणाने लीग हुकली, 70 विरुद्ध 69. 11 ला जर्मन कपच्या अंतिम सामन्यात शाल्केकडून 2-4. 15 ला ग्लासगोत रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. 26 दिवसांत सात सामने, तेही तीन स्पर्धांत आणि जवळपास त्याच खेळाडूंवर.

न्यूर्नबर्ग तेव्हा तळाशी झगडत होतं, तिथे हरायला नको होतं, हे मान्य. पण मँचेस्टरहून परतल्यावर तीन दिवसांत खेळणं आणि आठवडाभर आराम करून खेळणं या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालायच्या?

ग्लासगोतल्या फायनलमध्ये जायबंदी नोव्होट्नी नव्हता आणि निलंबित झे रोबेर्टोही नव्हता. राउलच्या गोलनंतर काही मिनिटांतच लुसिओने हेडरवर बरोबरी साधली. मध्यांतराच्या तोंडावर रोबेर्टो कार्लोसचा उंच चेंडू वरून खाली येत असताना झिदानने तो डाव्या पायाने हवेतच मारला. त्या गोलला कुठल्याच संघाकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या डावात मात्र दबाव लेव्हरकुसेनचाच होता. माद्रिदचा गोलरक्षक सेझार जखमी झाला म्हणून कासियास मैदानात आला आणि शेवटच्या मिनिटांत त्याने एकामागून एक फटके अडवले. तेवढ्यामुळे सामना 2-1 वर राहिला. हा संघ डगमगलेला नव्हता. शिट्टी वाजेपर्यंत तो गोलच शोधत होता.

म्हणूनच 2002 च्या लेव्हरकुसेनला मी त्या वर्षीच्या युरोपातल्या सर्वोत्तम संघांत धरतो. कमी पडलं ते धैर्य नव्हे, माणसं कमी पडली. त्याचा पुरावा पुढच्याच हंगामात मिळाला. बालाक आणि झे रोबेर्टो बायर्नला गेले, नोव्होट्नी दुखापतीतून सावरत होता, आणि पोकळी भरायला मागे कोणी नव्हतं. फेब्रुवारी 2003 मध्ये टॉपम्योलर यांना काढलं आणि लेव्हरकुसेन कसंबसं पंधराव्या स्थानी राहून खालच्या विभागात जाण्यापासून वाचलं.