गुन्हा एकाचा, नोटीस मधल्याला

१७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महालात दगडफेक आणि जाळपोळ झाली, काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. पुढचे काही दिवस पोलिसांचं काम दोन ठिकाणी चालू होतं. एक चौकाचौकात, बॅरिकेड लावून. दुसरं संगणकासमोर. राज्याच्या सायबर पोलीस यंत्रणेने, 'महाराष्ट्र सायबर'ने, १४० हून जास्त आक्षेपार्ह पोस्ट आणि व्हिडिओ हुडकून काढले आणि ते हटवा म्हणून कंपन्यांना नोटिसा धाडल्या. खाती कुणाची ते सांगा, अशा नोटिसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली गेल्या. मजकूर हटवायच्या नोटिशीवर मात्र कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९(३)(ब).

दंगलीच्या बातम्यांत हे कलम वाचून कुणी थांबलं नसेल. थांबायला हवं होतं. कारण कलम ७९ मुळात कुणाला काही हटवायला लावण्यासाठी लिहिलेलंच नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी मधल्या कंपनीला तुरुंगात टाकू नये, यासाठी ते आहे. ढाल म्हणून घडवलेली वस्तू लाठी म्हणून कशी वापरात आली, ही गोष्ट सांगायची तर पंचवीस वर्षं मागे जाऊन भागत नाही. शंभरावर वर्षं मागे जावं लागतं, आणि सुरुवात नागपुरातूनच करता येते.

१९०८ साली टिळकांवर मुंबईत खटला चालला, तेव्हा मध्य प्रांतातल्या या शहरातही राजद्रोहाचं कलम फिरत होतं. 'देशसेवक'चे अच्युत बळवंत कोल्हटकर आणि 'हिंदी केसरी'चे माधवराव सप्रे, दोघांनाही पकडलं. सप्रे माफीनामा देऊन सुटले आणि त्याची सल त्यांना पुढे बरीच वर्षं राहिली. पण इंग्रज सरकारच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. संपादक तुरुंगात गेला की तो मोठा होतो, आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. मग १९१० च्या प्रेस कायद्याने छापखान्याच्या मालकाकडे मोर्चा वळवला. छापखाना काढायचा तर ५०० ते २,००० रुपये अनामत ठेवा. सरकारला न आवडणारं काही छापलं की अनामत जप्त. पुन्हा सुरू करायचं तर १,००० ते १०,००० भरा. त्यानंतरही काही छापलं, तर यंत्रासकट छापखानाच जप्त.

लेख छापखानेवाल्याने लिहिलेला नसे. त्याला बिचाऱ्याला लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांच्या पावत्याही छापायच्या असत. म्हणूनच तो उपयोगी होता. लेखकाला तत्त्व असतं, छापखानेवाल्याला धंदा असतो, आणि धंदेवाला माणूस सरकारच्या आधी स्वतःच लाल पेन्सिल हातात घेतो. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. युक्ती राहिली.

आजच्या कायद्यात या मधल्या माणसाला 'मध्यस्थ' म्हणतात. आपल्याकडे मध्यस्थ म्हणजे भांडण मिटवणारा, नाहीतर स्थळं जुळवणारा. कायद्यातला मध्यस्थ म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी, शोधयंत्र, समाजमाध्यम, ऑनलाइन बाजार, सायबर कॅफेसुद्धा. २०११ च्या नियमांत कॅफेतल्या आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको असं लिहून ठेवलं होतं. नागपुरात बर्डी आणि धरमपेठेतल्या कॅफेंमध्ये ज्यांनी तासावर पैसे मोजून ई-मेल उघडले, त्यांना ते प्लायवूडचे खुराडे आठवत असतील.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. तो मुख्यतः डिजिटल सही आणि ऑनलाइन व्यापारासाठी होता. मध्यस्थाचं कलम त्यात होतं, पण तोकडं. किती तोकडं ते २००४ च्या डिसेंबरात कळलं. 'बाझी डॉट कॉम' या लिलावाच्या साइटवर एका विद्यार्थ्याने शाळकरी मुलांची अश्लील क्लिप विकायला ठेवली. कंपनीने ती काढली, तरी दिल्ली पोलिसांनी तिच्या प्रमुखालाच अटक केली. बाजाराच्या मालकाला एका फेरीवाल्याच्या मालासाठी कोठडी. चोर सोडून संन्याशाला सुळी. या अटकेने परदेशी गुंतवणूकदार हादरले, आणि २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ रुंद झालं: मजकूर तुमचा नसेल, तुम्ही त्यात हात घातला नसेल, तर तुम्ही सुरक्षित. मुख्य अट ही. मजकूर बेकायदा आहे हे 'प्रत्यक्ष कळल्यावर', किंवा सरकारने कळवल्यावर, तो काढला पाहिजे. ही अट म्हणजेच (३)(ब).

दुरुस्ती २६/११ नंतर महिन्याच्या आत, संसदेत जवळजवळ चर्चेविना मंजूर झाली. त्याच झटक्यात ६६अ (आक्षेपार्ह संदेश पाठवला तर तुरुंग) आणि ६९अ (मजकूर अडवायचा सरकारी अधिकार) ही कलमंही आली.

दरम्यान सरकारी आज्ञा पाळताना मधला माणूस काय करतो, याचे दोन नमुने देशाने पाहिले होते. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका संघटनेचा एक याहू ग्रुप बंद करायचा आदेश निघाला. कंपन्यांना तो एकच ग्रुप वेगळा काढता येईना, म्हणून त्यांनी अख्खे याहू ग्रुप्स बंद केले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर दूरसंचार खात्याने मोजक्या पत्त्यांची यादी दिली, तर कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉट अडवलं. मराठीत तेव्हा ब्लॉगचे पहिले बहराचे दिवस होते. कविता, पाककृती, पुण्याच्या रिक्षावाल्यांवरच्या तक्रारी, सगळं ओल्याबरोबर सुकं म्हणून जळालं. लोक पर्यायी वाट काढत होते 'पीकेब्लॉग्ज' नावाच्या साइटवरून. पाकिस्तानात ब्लॉगस्पॉटवर बंदी आली तेव्हा तिथल्या मंडळींनी ती बनवली होती. भारतीयांनी भारतीयांचं लिखाण वाचायला पाकिस्तानी पायवाट वापरली, हे माझ्या मते त्या काळाचं सर्वांत नेमकं व्यंगचित्र आहे.

मधला माणूस घाईत चुकतो, आणि चुकीची किंमत तिसराच भरतो. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांचा अवमान करणारं चित्र टाकल्यावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला उचललं. इंटरनेट कंपनीने दिलेला आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेट जोडणी ओळखायच्या क्रमांकाचा, तपशीलच चुकीचा होता. तो मुलगा ५० दिवस तुरुंगात राहिला.

६६अ वर इतकं लिहून झालं आहे की मी भरभर पुढे जातो. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरेंचं निधन, मुंबई बंद, पालघरच्या दोन मुलींची फेसबुक पोस्ट आणि अटक. त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. (रद्द झालेल्या कलमाखाली पुढे कित्येक वर्षं गुन्हे नोंदवले जात होते, हेही आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे.) त्याच निकालातला कलम ७९ वरचा भाग मात्र कमी वाचला जातो. २०११ च्या नियमांनुसार कुणीही तक्रार केली की ३६ तासांत कारवाई करायची होती. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने तेव्हा मुद्दाम सदोष तक्रारी सात कंपन्यांना पाठवून पाहिल्या होत्या. सहा कंपन्यांनी मागितल्यापेक्षाही जास्त हटवलं. १९१० चा छापखानेवाला पुन्हा हजर. न्यायालयाने सांगितलं, 'प्रत्यक्ष कळणं' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना. बाकी कुणाच्या तक्रारीवर कंपनीने न्यायाधीश होऊ नये.

कंपन्यांचा कैवार घ्यायला मी बसलेलो नाही. ठरावीक साइट फुकट दाखवणाऱ्या 'फ्री बेसिक्स'च्या वादात फेसबुकने आपल्या ग्राहकांच्या नावाने छापील साच्याचे लाखो संदेश दूरसंचार नियामक ट्रायकडे पाठवले, ज्यांत ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती. ट्रायने चांगलंच सुनावलं आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला दरातला भेदभावच बंद केला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने 'मान्य करा नाहीतर खातं विसरा' या थाटात खासगी माहितीविषयीचं नवं धोरण पाठवलं, मग लोक दुसरीकडे पळू लागल्यावर मुदत वाढवली. त्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला.

पण सर्वांत जड ओझं १ जुलै २०१८ चं आहे. धुळे जिल्ह्यात राईनपाडा गावी, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षेकरी, भटकी माणसं. फोनवर फिरणाऱ्या संदेशांचं मूळ कुणालाच सापडत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि त्याच महिन्यात भारतात संदेश पुढे ढकलण्यावर पाचची मर्यादा घातली. ही साधी गोष्ट आधी का सुचली नाही, याचं उत्तर कुणी दिलं नाही. सरकारने मात्र या हत्यांनंतर 'संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा' ही मागणी धरून ठेवली. ती २०२१ च्या नियमांत आली. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितलं की एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच संदेश वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, मोडायला लावलं तर आम्ही भारत सोडून जाऊ.

या सगळ्या भानगडीत नागपूरची भूमिका केवळ नोटीस पाठवण्याची नाही. सिव्हिल लाईन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १ मार्च २०२१ ला दिलेला एक निकाल प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फ्रेम करून लावण्याजोगा आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ चं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेविषयी अश्लाघ्य भाषा वापरली. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने त्या सदस्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा. न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि अमित बोरकर यांनी तो रद्द केला. त्यांचा तर्क सरळ होता: अ‍ॅडमिन सदस्यांना घेऊ शकतो, काढू शकतो, यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. संदेश टाकला जाण्याआधी तो तपासू शकत नाही. दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला फौजदारी शिक्षा कशी? म्हणजे जे कलम ७९ ने कोट्यवधींच्या कंपनीला दिलं, ते इथे गोंदियाच्या एका साध्या माणसाला मिळालं.

पण तंत्रज्ञान निकालासाठी थांबत नाही. २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला नवी सोय दिली: कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकायची. निकालातलं 'हातात काही नाही' हे वाक्य एका अपडेटने थोडं पोकळ झालं. उद्या कुणी विचारलं, 'पुसता येत होतं, मग का नाही पुसलं?', तर नव्याने उत्तर शोधावं लागेल.

दुसरा धागा एका न्यायमूर्तींचा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून आपल्या कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी हे ठरवणारं सत्यपडताळणी केंद्र आणलं. या पडताळणी केंद्राने 'खोटं' म्हटलेला मजकूर कंपनीने ठेवला, तर ७९ ची ढाल गेली. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांचं मत फुटलं. मग तिसरं मत द्यायचं काम आलं न्यायमूर्ती अतुल चांदूरकरांकडे. १९९२ पासून नागपुरात वकिली केलेला माणूस. त्यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य ठरवला: 'बनावट, खोटं, दिशाभूल करणारं' हे शब्दच इतके सैल की त्यांत काहीही बसेल. पुढे मे २०२५ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल देताना ते मुंबईत बसले होते हे मान्य, तरी जिल्हा बारच्या चहाच्या टपरीवर हा निकाल 'आपला'च म्हणून सांगितला जातो.

तरी ७९(३)(ब) ची वाट बंद झाली नाही. उलट रुंदावली. मजकूर अडवण्याचा खरा अधिकार कलम ६९अ मध्ये आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप त्याखालीच बंद झाली. पण ६९अ ला समिती लागते, लेखी कारणं लागतात, कारणंही ठरावीकच. गुप्ततेचा पडदा आहे, तरी निदान पद्धत आहे. ७९(३)(ब) मध्ये तसलं काही नव्हतं. एक पत्र पुरायचं. केंद्रीय गृहखात्याने २०२४ च्या अखेरीस 'सहयोग' पोर्टल आणलं, तेव्हा ते पत्र पाठवणंही देशभरातल्या पोलिसांना सोपं झालं. 'एक्स'ने याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तिथे २४ सप्टेंबर २०२५ ला याचिका फेटाळली गेली, श्रेया सिंघल निकाल जुन्या नियमांपुरता होता असं सांगून. एक्सने अपील करणार म्हटलं. आणि महिनाभरात केंद्राने स्वतःच नियम थोडा आवळला: असं पत्र केंद्र किंवा राज्य सरकारतर्फे पाठवायचं तर निदान सहसचिव दर्जाचा अधिकारी हवा, पोलिसांतर्फे असेल तर उपमहानिरीक्षकाच्या खालचा नको. कोणतं कलम, कोणता पत्ता, का, हेही लिहायचं. आधी जर सगळं ठीक होतं तर ही दुरुस्ती कशासाठी, असा प्रश्न पडतो.

आमच्या गल्लीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन डाक खात्यातून निवृत्त झालेले काका आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येच्या निकालाच्या आदल्या रात्री त्यांनी ग्रुपला कुलूप लावलं होतं, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं. मार्च २०२५ मध्ये पुन्हा लावलं. यावेळी ते काढायला पंधरा दिवस लागले, आणि मधल्या काळात पाण्याचा टँकर कधी येणार हे विचारायला सगळे त्यांच्या दारात जात होते.